घर विकून उभा राहिलेला खेळ

जयपूरच्या जवाहर नगरातील एका मराठी घरात गेल्या उन्हाळ्यात आठ दिवस अबोला चालला होता. कारण म्हटले तर क्षुल्लक, म्हटले तर मोठे. बारावीची परीक्षा आटोपलेल्या मुलीने वडिलांच्या पुढ्यात प्रवेशाचा फॉर्म ठेवला. तो अभियांत्रिकीचा नव्हता, वैद्यकीयचाही नव्हता. संगणकावरचे खेळ तयार करायला शिकवणाऱ्या अभ्यासक्रमाचा होता.

वडील बँकेत अधिकारी. बदलीच्या निमित्ताने साताऱ्याहून या शहरात आले आणि इथलेच झाले. गोपालपुऱ्याच्या कोचिंग क्लासची दोन वर्षांची फी त्यांनी वेळच्या वेळी भरली होती. त्यांनी फॉर्म वाचला, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि एवढेच म्हणाले, "खेळायचं वय संपलं की माणूस शिकायला लागतो. ही शिकायला म्हणून खेळायला निघालीय!"

त्यानंतर घरात बोलणे झाले ते भाजी, दूध आणि विजेच्या बिलापुरते. आईची अवस्था अडकित्त्यातल्या सुपारीसारखी झाली. नवऱ्याची बाजू घ्यावी तर मुलीच्या डोळ्यांत पाणी, मुलीची घ्यावी तर नवऱ्याच्या कपाळावर आठी.

कोंडी फोडली ती आजीने. एका दुपारी बाहेर लू वाहत असताना ती नातीच्या खोलीत जाऊन बसली आणि म्हणाली, "ज्याच्यासाठी एवढं रामायण चाललंय, तो खेळ तरी मला दाखव."

नातीने संगणक सुरू केला. पडद्यावर उंच तटबंदी, कोरीव झरोके, दगडी खांब आणि खाली पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या दिसू लागल्या. एक किरकोळ अंगाची मुलगी भिंतीवरून धावत होती, खांबाला गिरकी घेत होती, हातातल्या त्रिशूळाने राक्षसांशी लढत होती.

"अगं, ही तर आपण आमेरला पाहिली तशी बावडी!" आजी पुढे सरकली.

"तशीच आहे, आजी. राजस्थानातले महाल आणि किल्ले डोळ्यांपुढे ठेवूनच हे सगळं काढलंय. पण खेळ तयार झालाय आपल्या पुण्यात."

खेळाचे नाव 'राजी: अॅन एन्शंट एपिक'. राजी ही डोंबाऱ्यासारख्या कसरती करून पोट भरणारी अनाथ मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षसांची धाड पडते आणि तिचा धाकटा भाऊ गोलू पळवला जातो. त्याला सोडवून आणण्यासाठी राजी निघते. दुर्गा आणि विष्णू तिची गोष्ट सांगत राहतात. कथेचे प्रसंग छायाबाहुल्यांच्या रूपात उलगडतात आणि रंगकामावर पहाडी लघुचित्रांची छाप आहे. भावासाठी बहिणीने राक्षसांशी झुंजावे, हे कथानक आजीला समजावून सांगावे लागले नाही.

हा खेळ रचणारी 'नॉडिंग हेड्स गेम्स' ही संस्था पुण्यात २०१७ साली सुरू झाली. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयान मॉड हे तिचे तीन संस्थापक. ग्रीक आणि नॉर्स पुराणांतल्या देवांवर परदेशात मोठमोठे खेळ निघाले होते आणि भारतातली मुलेही ते आवडीने खेळत होती. आपल्या पुराणांवर त्या तोडीचा खेळ मात्र दिसत नव्हता. भारतात तेव्हा खेळांची कामे होत नव्हती असे नाही, पण त्यातली बरीचशी परदेशी कंपन्यांनी सांगितलेली असत. चित्र आपले, गोष्ट दुसऱ्याची. या तिघांना गोष्टही आपलीच सांगायची होती.

असा खेळ म्हणजे एका माणसाच्या हातचा मळ नव्हे. कुणी गोष्ट आणि नियम रचतो, कुणी चित्रे काढतो, कुणी त्या चित्रांना चालायला, उडी मारायला शिकवतो. कुणी संगणकाला समजेल अशा भाषेत ते सारे बांधतो, कुणी संगीत देतो. मग तेच पुन्हा पुन्हा खेळून चुका शोधायच्या. खेळ बाजारात येईपर्यंत एक रुपयाही हाती येत नाही, पण पगार आणि भाडे दर महिन्याला द्यावेच लागते.

पैसा उभा करण्यासाठी त्यांनी २०१७ मध्येच इंटरनेटवरून लोकांकडे मदत मागितली. या पद्धतीत ठरलेली रक्कम जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर जमलेलेही परत जातात. रक्कम जमली नाही. दुसरा एखादा असता तर त्याने तिथेच गाशा गुंडाळला असता. श्रुती घोष यांनी स्वतःचा फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवले.

हे ऐकून आजी काही वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "घर पाहावं बांधून म्हणतात. या पोरीने तर पाहिलं विकून!"

पुढे परदेशातला प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी, साऱ्या जगाला टाळेबंदीने घरात बसवले असताना, निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्रावर 'राजी' प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनी तो संगणकावर आणि इतर यंत्रांवरही आला. त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स' या नावाजलेल्या पुरस्कारांत पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळासाठी त्याचे नामांकन झाले. पुरस्कार दुसऱ्या खेळाला मिळाला. पण पुण्यातल्या मूठभर माणसांनी केलेले काम जगाच्या पंगतीत मांडले गेले होते.

रात्री जेवताना आजीने ही सारी हकिकत ताटावरच काढली. वडील मान खाली घालून जेवत राहिले. शेवटी म्हणाले, "आई, एकीचं जमलं. ज्यांनी घर विकलं आणि ज्यांचं जमलं नाही, त्यांची नावं कुणी सांगत नाही."

बोलणे खोटे नव्हते. नातीनेही ते खोडून काढले नाही. आजीने मात्र वाटीत आमटी वाढता वाढता भलताच विषय काढला.

"साताऱ्याला स्टँडमागे ते व्हिडिओ गेमचं दुकान होतं, आठवतं का रे तुला? देव्हाऱ्यातल्या डब्यातले रुपये कमी व्हायचे, ते मला ठाऊक नव्हतं असं समजू नकोस."

नातीचा घास हातातच राहिला. आईने पदर तोंडाला लावला. आजवर हिशेबाला पक्के म्हणून घरात दरारा असलेले वडील कानापर्यंत लाल झाले. मग त्यांनाच हसू फुटले आणि आठ दिवसांचा अबोला संपला.

त्यानंतर वडील कितीतरी वेळ बोलत राहिले. अंधारी खोली, कपाटाएवढी यंत्रे, रुपया टाकला की वाजणारे संगीत, आणि तोंड मिटत-उघडत ठिपके गिळत पळणारा तो पिवळा गोळा. "पॅकमॅन!" मुलगी म्हणाली आणि तिच्याकडची माहिती तिने सांगितली. तो खेळ १९८० मध्ये जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी रचला. या दुकानांत पुरुषांचीच गर्दी असते, तिथे मुलींनाही यावेसे वाटावे म्हणून त्यांनी मारामारीऐवजी खाण्यावर खेळ बेतला. आणि ही नामको कंपनी १९५५ मध्ये सुरू झाली ती योकोहामातल्या एका दुकानाच्या गच्चीवर, लहान मुलांना बसवायचे दोन यांत्रिक घोडे ठेवून!

"आणि बाबा, अमेरिकेतली अटारी कंपनी १९७२ मध्ये सुरू झाली. दोघा मित्रांनी प्रत्येकी अडीचशे डॉलर घातले होते. त्यांचं 'पाँग'चं पहिलं यंत्र एका गुत्त्यात ठेवलं, ते थोड्याच दिवसांत बंद पडलं. दुरुस्तीला गेले तर काय, नाण्यांचा डबा काठोकाठ भरला होता!"

बँकेतल्या माणसाला हा हिशेब बरोबर कळला. तरी तो बापही होता. "अडीचशे डॉलर ठीक आहेत. राहतं घर नाही," ते म्हणाले.

तेव्हा आजी बोलली. "तुझ्या कॉलेजच्या फीला मी पाटल्या मोडल्या. तू बँकेत लागशील अशी चिठ्ठी मला कुणी लिहून दिली होती का? मी पाटल्या बँकेवर लावल्या नव्हत्या रे, तुझ्यावर लावल्या होत्या."

वडिलांच्या ताटातली पोळी तशीच राहिली. पाटल्या गेल्या हे त्यांना माहीत होते. पण आईलाही तेव्हा धाकधूक वाटली असेल, हे त्यांच्या मनात कधी आले नव्हते.

मुलांच्या बाबतीत आपण सगळेच असे करतो. आपल्यासाठी कुणीतरी घेतलेली जोखीम आपण विसरतो आणि मुलांना मात्र वहिवाटेची वाट दाखवतो. वहिवाटेची वाट वाईट नसते. पण तीही एके काळी कुणीतरी काटेकुटे तुडवून पाडलेली असते. म्हणून मुलाने मागितले की घर विकायला काढावे असे नाही. श्रुती घोष यांनी विकले ते स्वतःचे घर, स्वतःच्या निर्णयाने, हातात कसब असताना. आईबापांनी द्यायचे ते त्या आधीचे: कसब शिकायची मुभा, आणि न जमल्यास परत यायला उघडे दार.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्मवर सही झाली. सोबत दोन अटी आल्या. गणित सोडायचे नाही आणि रोज एक चित्र काढून आजीला दाखवायचे. मुलीने दोन्ही आनंदाने मान्य केल्या. पहिले चित्र आजीच्या हातांचे निघाले, पाटल्यांसकट.

रविवारी राजा पार्कातून भाजी घेऊन आल्यावर वडील पिशवी न ठेवताच मुलीच्या खोलीशी घुटमळले. "बघू, मला एकदा खेळून बघू दे." पहिल्याच राक्षसाने त्यांना लोळवले. सवयीने त्यांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

मुलगी हसली. "आता नाणं नाही टाकावं लागत, बाबा. पुन्हा सुरू करा."