शिवार वाचायला निघालेल्या भाचीला

मुरूम, ता. उमरगा, जि. धाराशिव

चि. वैशाली,

प्रबंधासाठी तू महानुभाव पंथाची स्थानपोथी घेतलीस, हे ताईकडून कळलं आणि फार आनंद झाला. भूगोलाच्या मुलीनं धर्मग्रंथ कशाला उघडायचा, असं काही जण तुला म्हणतात म्हणे. त्यांना एडवर्ड रॉबिन्सनचं नाव सांग.

हा अमेरिकेतला बायबलचा प्राध्यापक. १८३८ साली एली स्मिथ या मिशनऱ्यासोबत तो पॅलेस्टाइनभर हिंडला. स्मिथला अरबी उत्तम येई. तोवर मठातले साधू दाखवतील तेच स्थान यात्रेकरू खरं मानत. या दोघांनी मठांवर विसंबणं सोडलं आणि गावकऱ्यांना विचारायला सुरुवात केली. राज्यं बदलली, भाषा बदलली, तरी जुनी नावं लोकांच्या तोंडी टिकली होती. अनाता गावात त्यांना यिर्मया संदेष्ट्याचं अनाथोथ सापडलं, बेतीनमध्ये बायबलातलं बेथेल.

जेरुसलेमच्या सिलोआम या पाण्याच्या बोगद्यात छत इतकं खाली आलं, की त्यांना पोटावर सरपटत जावं लागलं. तरी मोजणी पुरी केलीच. लांबी १७५० फूट भरली. १८४१ मध्ये रॉबिन्सनचा ग्रंथ निघाला आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनं त्याला सुवर्णपदक दिलं. भूगोलवाल्यांनीच हा मान केला, हे लक्षात ठेव.

तो चुकलाही. बायबलातलं कफर्णहूम गाव त्यानं खान मिन्येपाशी धरलं. पुढच्या अभ्यासकांनी ते तेल हूमला ठरवलं. म्हणून पाहिलेलं एका वहीत लिही आणि तुझा तर्क दुसऱ्या वहीत.

तुझ्या स्थानपोथीतही पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांची वस्तीची, बसण्या-उठण्याची ठिकाणं आहेत. देवळाचं दार कुठल्या दिशेला, हेसुद्धा आहे. वि. भि. कोलत्यांनी ती संपादून ठेवली, हे आपलं भाग्य. आता तिच्यातली ठिकाणं पायाखाली घालायचं काम तुझं. गावात गेलीस की पोथीतलं नाव आधी सांगू नकोस. पाहुणीचं मन मोडू नये म्हणून माणसं ‘हो, हेच ते’ म्हणून मोकळी होतात. मेंढपाळाला विचार, खुरपायला आलेल्या बायांना विचार. आपल्या सीमेकडे एकाच ओढ्याला मराठी बोलणारा एक नाव सांगेल, कन्नड बोलणारा दुसरं. दोन्ही लिहून घे.

त्या माणसांची नावंही प्रबंधात छाप, त्यांची परवानगी घेऊन. गावाची ही माहिती पिढ्यान्‌पिढ्या त्यांनीच सांभाळली आहे. तिचं श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

तुझा,
मामा