शंभर दाणे

गावात विद्यापीठाची गाडी आली की मी वावराची वाट धरायचो, हे आज कबूल करतो.

राग जुना होता. एका महाविद्यालयाने गाव दत्तक घेतल्याचा फलक लावला, रोपं लावली, फोटो काढले. उन्हाळ्यात त्या रोपांना पाणी घालायला कोणी फिरकलं नाही. तेव्हापासून सामंजस्य करार, उन्नत भारत अभियान, संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत विकास ध्येयांतलं भागीदारीचं शेवटचं ध्येय, सगळं मला सारखंच पोकळ वाटायचं. घाटाखालच्या आमच्या रोहिणखेडात 1437 आणि 1590 साली लढाया झाल्या. फौजा आल्या तशा गेल्या. ही विद्यापीठाची माणसंही तशीच, असं मी पारावर म्हणायचो.

मग पेरणीच्या तोंडावर कृषीकन्या आल्या. शेवटच्या वर्षाच्या मुली, गावात राहून शिकणाऱ्या. एकीने ओसरीवर येऊन म्हटलं, "काका, घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे द्या." तिने ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडल्या, गुंडाळी केली, रोज पाणी शिंपडलं. सहाव्या दिवशी उलगडलं तर 54 दाणे उगवले होते. किमान 70 हवे असतात. "नेहमीच्या तीस किलोंवर भागणार नाही, एकरी 39 किलो लागेल," ती म्हणाली. आधीच्या हंगामांत विरळ उगवण झाली की मी पावसाला, दुकानदाराला, विद्यापीठाला बोल लावला होता. स्वतःचं बियाणं मात्र एकदाही तपासलं नव्हतं.

पण मन बदललं ते तिच्या वहीमुळे. मुरमाड तुकड्यात ओल किती दिवस टिकते, कोणत्या बांधावरून पाणी फुटतं, हे ती मला विचारून लिहून घेत होती. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 सालचं. एवढ्या वर्षांत मी त्यांना काय कळवलं? काहीच नाही. पाण्याच्या बाबतीतही तेच. शासनाच्या पोकरा या हवामान-अनुकूल शेतीच्या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत बसवली. पाऊस, माती, उतार यांचं गणित त्या रीतीत होतं. पण कोणत्या वावरात काय पेरलं, हे गावानेच सांगायचं असतं. आम्ही खोटं किंवा अर्धवट सांगितलं तर तो ताळेबंद चुकणारच. भागीदारीतला माझा वाटा मी कधी उचललाच नव्हता, हे मला फार लागलं.

एक तक्रार मात्र अजून आहे. सत्र संपलं की मुली जातात, आणि पीक उभंच असतं. विद्यापीठांना माझी विनंती आहे: पेरणीला येता तसे काढणीलाही या, उतारा आमच्यासोबत मोजा, आणि पुढच्या वर्षीच्या मुलींच्या हाती तीच वही द्या. वावर माझं आहे, ओसरीही मोकळी आहे.