पखवाजाची कणीक

आमच्या फोंडा भागातल्या गावात आम्हा बायकांचं भजनी मंडळ आहे. श्रावणात, चतुर्थीत, सप्ताहाला गातो. खजिनदार मी (दुसरी कुणी तयार नाही म्हणून!). गेल्या पावसात जुन्या वह्या काढून बसले. जवळजवळ प्रत्येक पानावर तोच क्रम. आधी पखवाजवाल्यांचे पैसे, मग पेटीवाल्यांचे, मग रिक्षा, उरलं तर चहा-भजी. गाणाऱ्या अकरा जणींची नावंसुद्धा नाहीत. नुसतं ‘महिला मंडळी’.

खरं तर गोव्यात बाई गाते याचं नवल नाही. केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. १९७७ साली केसरबाईंचा आवाज व्हॉयेजर यानातून अंतराळात गेला. देवळांतून कलावंतीण गायची आणि साथीला तबला-सारंगी घेऊन बसायचे बहुधा घरचेच पुरुष. लयभास्कर खाप्रूमामा पर्वतकर ह्याच मातीतले. गळा बाईचा आणि ठेका बाप्याचा, ही वाटणी तेव्हापासूनची असावी. बरं, त्या गाणाऱ्यांचा मान तरी काय? माझी आजी न्हाणीत गुणगुणायची, तेही दार लावून. घरंदाज बाईनं गायचं नसतं म्हणे.

आम्ही गायला लागलो, पण वाद्याला हात नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, ठाऊक असेल. ती आम्हीच मळून द्यायची. घट्ट झाली, सैल झाली म्हणून बोलणीही खायची. पखवाजाला मात्र शिवायचं नाही, देवाचं वाद्य! आमच्या हातची कणीक चालते, हात चालत नाही. इतकी वर्षं हे कुणाला खटकलं नाही. मलाही नाही.

माझी पुतणी लहानपणी तांदळाच्या डब्यावर भजनी ठेका धरायची. बरोब्बर. पखवाजवाल्या मामांना विचारलं, तर ते हसले. आणि मी काय केलं? सुटल्यासारखं वाटलं मला. तिला म्हटलं, “हात राठ होतील गो, पेटी शिक.” पेटी ती शिकली नाही. कॉलेजात गेल्यावर आम्हाला न सांगता पखवाजाच्या शिकवणीला जाऊ लागली. कळलं तेव्हा मी चिडले, तर तिनं मोबाईलवर इंदूरच्या चित्रांगना आगळे-रेशवाल दाखवल्या. नाना पानशांच्या परंपरेतला पखवाज, वाजवणारी बाई. मी दोनदा ऐकला. बोलले काहीच नाही.

यंदा अष्टमीला मामांनी ऐन वेळी दुसरीकडची सुपारी घेतली. पुतणी म्हणाली, “काकी, कणीक मळ, मी बसते.”

बसली. देवळातले एक आजोबा उठून गेले. गजराला ती जरा पळाली, तिच्यामागे आम्हीही पळालो, दोघींची टाळ चुकली. गवळणीला मात्र असा हात पडला की पेटीवाले मान वर करून बघतच राहिले. नंतर एवढंच म्हणाले, “तयारी आहे.” मी गात होते, पण लक्ष सगळं तिच्या हातांकडे. राठ झालेत. ते पाहून मला काय वाटलं, ते इथं लिहीत नाही.

घरी येऊन वही काढली. तिचं नाव लिहिलं, पुढे मामांना देतो तीच रक्कम. ती खांद्यावरून बघत होती. “आणि तुम्हा अकरा जणींचं?”

नावं लिहिलीत. आकड्यांवरून रविवारी बैठकीत भांडण ठरलेलं आहे.