तीस इंच

रायफलीची नळी कापता येते, वाढवता येत नाही. म्हणून नवी रायफल बांधायला देताना लांबीचा आकडा लिहायची वेळ आली, की हात थबकतो. दस्ता नंतर तासता येतो, चापाचा ताण बदलता येतो. लांबी मात्र आधीच ठरवावी लागते, आणि ती ठरवताना आपल्याला रायफलीकडून नक्की काय हवंय हे स्वतःशी मान्य करावं लागतं.

माझं अंतर हजार यार्डांचं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात बिझ्लीचं मैदान आहे. 1890 सालापासून ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल स्पर्धा तिथे भरतात, आणि सर्वांत मानाच्या स्पर्धेची अंतिम फेरी 900 आणि 1000 यार्डांवर रंगते. नेम धरायला दुर्बीण नाही. डोळ्यापाशी बारीक छिद्राची साइट, नळीच्या टोकाला माशीचं वर्तुळ, आणि पार पलीकडे एक काळा ठिपका. 7.62 मिलिमीटरच्या रायफलीतून सुटलेली दहा ग्रॅमची गोळी तिथवर जायला दीड सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेते. तेवढा वेळ ती वाऱ्याची असते.

या अंतराचा पहिला हट्ट वेगाचा. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण 1120 फूट. गोळी त्या वेगापाशी उतरली, की तिचा तोल डळमळू लागतो. लक्ष्य गाठेपर्यंत तिने त्या उंबऱ्याच्या वर राहायला हवं. नळीचा प्रत्येक वाढीव इंच वायूच्या दाबाला गोळी ढकलायला थोडी जास्त जागा देतो, आणि वेगात सेकंदाला 20-25 फुटांची भर घालतो. 26 ऐवजी 30 इंच घेतले तर शंभरेक फूट पदरात पडतात. सुरुवातीला ते कुठे जाणवतही नाहीत. त्यांचं मोल शेवटच्या शंभर यार्डांत कळतं.

दुसरा हट्ट डोळ्याचा. दोन साइट्समध्ये एक मीटर अंतर असेल आणि माशी 0.1 मिलिमीटर ढळली, तर हजार यार्डांवर गोळी 9 सेंटिमीटर सरकते. तेच अंतर पाऊण मीटर असेल तर 12 सेंटिमीटर. लांब नळी डोळ्याला अधिक खरं बोलायला लावते. मला ती आवडते ती मुख्यतः यासाठी.

मग आणखी लांब का नाही? 1874 साली न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूरला अमेरिकन आणि आयरिश संघ 800, 900 आणि 1000 यार्डांवर भिडले. अमेरिकेने 934 विरुद्ध 931 अशी बाजी मारली. त्या काळातल्या रेमिंग्टनच्या क्रीडमूर रायफलींना 34 इंचांच्या नळ्या असत. पण वजनाला 10 पौंडांची मर्यादा होती, म्हणजे लांबी वाढवायची तर जाडी सोडायची. आणि पोलाद इथे कुणाची भीड ठेवत नाही. आंबे उतरवायचा झेला जितका लांब, तितकं त्याचं टोक हाताचं कमी ऐकतं, नळीचंही तसंच. जाडी तीच ठेवून 26 चे 30 इंच केले, की तिचा ताठरपणा सुमारे एक-तृतीयांशाने घटतो. शिवाय वाढलेलं वजन नेमकं पुढच्या टोकाला, आधार देणाऱ्या हातापासून सर्वांत दूर जाऊन बसतं.

पण मला सर्वांत जास्त विचारात पाडते ती तिसरीच गोष्ट. गोळी नळीत जेमतेम दीड मिलिसेकंद असते. चाप सुटलेला, निर्णय झालेला, तरी ती अजून माझ्या ताब्यात. त्या अवधीत रायफल मागे रेटते, नळी थरथरते, खांद्याची ढिलाई आणि मनाची घाई दोन्ही गोळीपर्यंत पोचतात. प्रत्येक वाढीव इंच हा अवधी लांबवतो.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी 2010 साली म्युनिकला 50 मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद जिंकलं. त्या .22च्या प्रकारात या पेचातून एक सुंदर वाट निघते. तिथे दारूचा जोर पंधरा-वीस इंचांतच ओसरतो. म्हणून काही नेमबाज नळी आखूड ठेवतात, तिच्यापुढे मोकळं नळकांडं बसवतात आणि माशी त्याच्या टोकाला चढवतात. डोळ्याला हवी ती लांबी मिळते, आणि गोळी लवकर मोकळी होते. हजार यार्डांच्या रायफलीला ही सोय तितकीशी परवडत नाही. तिच्या नळीत तिसाव्या इंचालाही दाब काम करत असतो, आणि तो वेग वाटेत कुठेतरी लागणारच असतो.

मी तीस इंच लिहिले. दर 13 इंचांना एक फेरा देणारा पीळ, आणि ताठरपणा परत मिळवायला थोडी जाड नळी. 28 इंचांची रायफल मला सांभाळायला सोपी गेली असती, हे ठाऊक असूनही. सोपेपणा माझ्या टोकाला मिळतो, वेग लक्ष्याच्या टोकाला. आणि मी हजार यार्डांवर नेम धरतो तो पलीकडच्या टोकासाठी. त्या दीड मिलिसेकंदात शांत राहणं, चाप सुटल्यावरही नेम धरून ठेवणं, हे शिकता येतं. कमी पडलेला वेग सरावाने भरून निघत नाही. नळी गनस्मिथ तंतोतंत करून देईल. तिला साजेसं स्थिर होणं हे माझं काम आहे, आणि ते मला मनापासून हवं आहे.