नेमगिरीचा चढ

परभणी जिल्ह्यांत डोंगर आहेत हें सांगितलें तर पुष्कळांस खरें वाटत नाहीं. काळ्या मातीची सपाटी तेवढी सर्वांच्या ओळखीची. परंतु परभणीहून सुमारें ४५ किलोमीटरांवर जिंतूर आलें कीं अजिंठ्याच्या रांगेचे फांटे समोर उभे राहतात.

आमच्या सायकलप्रवासाचा तो चवथा दिवस. चौघांपैकीं एक स्नेही दीर्घ दुखण्यांतून उठून प्रथमच निघाले होते. सपाटीवर त्यांनीं आम्हांस मागें टाकलें होतें, पण चढ अद्याप लागला नव्हता. नेमगिरीकडे वळतांच तो लागला. कोणी कांहीं बोललें नाहीं. एकानें तहान नसतां पाणी घेतलें, दुसरा साखळी तपासूं लागला. "साखळी शाबूत आहे हो तुमची!" असें म्हणून स्नेही उतरले व सायकल हातीं धरून चालूं लागले. मग आम्हीही उतरलों.

वर जैन गुहा आहेत. द्वारें इतकीं ठेंगणीं कीं वांकूनच आंत शिरावें लागतें. एका गुहेंत पार्श्वनाथाची भव्य पाषाणमूर्ति इवल्याशा दगडावर तोललेली आहे. तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. स्नेही तेथें बराच वेळ बसले. श्वास संथ झाला तेव्हांच उठले. आम्हीं घाई केली नाहीं.

तिसऱ्या प्रहरीं येलदरीस पूर्णेचें अडविलेलें पाणी दिसलें. पलीकडचा मुलूख १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत मोडतो. उद्यां तिकडे चढ किती, याची चौकशी स्नेही चहाच्या दुकानीं आमच्या आधींच करीत होते.