टनामागं दहा रुपये

तासगाव, फेब्रुवारी

चि. छोटी,

तुझा निरोप वाचला. टेस्टिंगच्या टीममधली निम्मी माणसं कमी केली, उरलेल्यांनी यंत्रानं तपासलेलंच पुन्हा तपासायचं, आणि तेही काम किती दिवस टिकेल ते कुणी सांगत नाही. शेवटी तू लिहिलंस, की सगळ्यांचीच कामं यंत्रांनी घेतली तर सरकारनं दरमहा प्रत्येकाच्या खात्यात पैसे टाकावेत आणि विषय मिटवावा. फोनवर बोललो असतो तर दोन मिनिटांत “मीटिंग आहे मामा” म्हणाली असतीस. म्हणून लिहायला बसलोय.

आधी तुझी पगाराची स्लिप उघड. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ दिसेल. महिन्याला 200, या फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2500. तो कशापायी जातो, हे तुमच्या एचआरमधल्या पोरांनाही ठाऊक नसेल. 1975 साली हा कर बसला तो रोजगार हमीसाठी. शहरात ज्याला पगार आहे त्यानं खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याच्यासाठी भरायचं, आणि जेवढे जमतील तेवढेच सरकारनं वर घालायचे. म्हणजे तू ज्याची काळजी करतेयस त्या प्रश्नासाठी नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून पैसे भरतेयस, फक्त तुला कुणी सांगितलं नाही.

ही कल्पना पहिल्यांदा राबवून पाहिली ती आपल्याच तालुक्यात, विसापूरला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी, 1965 च्या सुमारास. मग 1972 चा दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळेत होतो. तेव्हा खायला मिळालेल्या सुकडीची चव अजून जिभेवर आहे. मे 1973 मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. त्यातून 1977 साली कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. भत्ता किती, तर दिवसाला किमान एक रुपया! त्या रुपयानं कुणाचं पोट भरणार नव्हतं. पण मी कनिष्ठ अभियंता म्हणून त्या कामांवर होतो तेव्हा तहसीलवर बायांचा मोर्चा आला, की साहेबांची तारांबळ मी डोळ्यांनी पाहिली आहे. त्या भीक मागायला आल्या नव्हत्या. कायद्यात लिहिलंय ते मागायला आल्या होत्या, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता त्याच योजनेची दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणशील मामा जुन्या नोकरीचे गोडवे गातोय. या कामांवर यंत्र आणायचं नाही, असा दंडक होता. पाझर तलाव, नालाबांध ठीकच. पण कितीतरी ठिकाणी बाया उन्हात बसून हातोड्यानं खडी फोडत आणि जवळच कुणाचा तरी क्रशर तेच काम तासाभरात करत असे. मस्टरवर हजेरी लावायची, ब्रासवर मोजायचं, मोजमापवहीत चढवायचं. मजुरी द्यायला निमित्त हवं म्हणून काम. तेव्हा उपाशी राहण्यापेक्षा ते बरं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तुमच्या काळात कुणी असा उपाय सुचवला, की यंत्राला येतं ते माणसाकडून मुद्दाम हातानं करून घ्यायचं आणि त्याला रोजगार म्हणायचं, तर त्याला माझ्याकडे पाठव. कष्टात काही पवित्र नसतं. हे ज्यांनी कष्ट केलेत ते कधीच नाकारत नाहीत. कष्टाची थोरवी बहुतेक सावलीत बसणाऱ्यांनीच गायलेली आहे.

मग मुंबईचं गिरणगाव आठव. तुझ्या आजीचे भाऊ परळला गिरणीत होते, गाळ्यात दहाबारा जणांत राहायचे, खानावळीत जेवायचे. यंत्रावरून भांडण त्यांच्याही आधीपासूनचं. 1928 चा मोठा संप झाला त्यामागे हेच होतं: दोन मागांऐवजी तीन माग सांभाळा, सुताच्या एका साच्याऐवजी दोन साचे बघा. त्याला मालकांनी नाव दिलं होतं कार्यक्षमतेचं. दीडएक लाख माणसं सहा महिने बाहेर राहिली आणि मालकांना बोलणी करावी लागली, कारण कामगारांशिवाय गिरण्या चालत नव्हत्या. 18 जानेवारी 1982 ला कामगारनेते दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख माणसं बाहेर पडली तेव्हा चित्र पालटलेलं होतं. कापड भिवंडी-इचलकरंजी-मालेगावच्या यंत्रमागांवर निघायला लागलं होतं, कमी मजुरीत, जास्त तासांत. आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती. काही मालकांना तर संप सोयीचाच पडला. तो संप कुणी रीतसर मागेसुद्धा घेतला नाही, नुसता विरून गेला. पगार थांबल्यावर खानावळवाल्या बायांचे डबे थांबले, वाण्याची उधारी थांबली, गावाकडची मनीऑर्डर थांबली. 1991 च्या मुंबईच्या विकास नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा घरांसाठी, एक मोकळ्या जागेसाठी ठेवला होता. 2001 मध्ये नियम बदलून तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता ठेवला आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयातही तो बदल टिकला. तुम्ही पोरं आता तिथं मॉलमध्ये सिनेमा बघता.

मला या सगळ्यातून जे दिसतं ते एवढंच आहे, छोटे. ज्याची गरज आहे त्याच्याच संपाला किंमत असते. 1928 ला गरज होती, 1982 ला नव्हती. यंत्रं बहुतेक सगळी कामं करू लागली की काम बंद पाडण्याची धमकी हे आपलं जुनं हत्यार निकामी होणार. म्हणून जे काही पदरात पाडून घ्यायचं ते आपली गरज असेतो, आणि कुणाच्या मर्जीवर न सोडता कायद्यात लिहून. तुमची गरज अजून आहे. तू अजून त्या यंत्राला तपासतेयस ना?

ते कसं लिहायचं, तर आपल्या शेजारच्या उसाच्या फडात बघ. यंदा तिथं कोयत्याऐवजी हार्वेस्टर आला. सरकारही तो घ्यायला अनुदान देतं. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड जोड्या कमी दिसतात. त्या गेल्याचं मला वाईट वाटावं का? पहाटेच्या थंडीत नवराबायकोनं मिळून एक कोयता धरायचा, मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायची, पोरं पाचटात झोपवायची. असलं काम यंत्रानं खुशाल न्यावं. प्रश्न आहे उचल फेडायची राहिलेल्या माणसाचा. आणि इथंच एक चांगली गोष्ट झाली आहे, बहुधा कुणाच्या फारशी लक्षात न येता. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी साखर कारखान्यांनी गाळपाच्या टनामागं 10 रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं, असं ठरलंय. वसुली कशी होते, तो वेगळा विषय. पण बघ, पैसे माणसांच्या संख्येवर ठरत नाहीत, टनावर ठरतात. ऊस कोयत्यानं तोडा की हार्वेस्टरनं, टन तेवढाच. व्यवसाय कराचं उलट आहे. तुमच्यातला एकेक माणूस कमी झाला, की 2500 रुपये तिथंच आटले. यंत्र हा कर भरत नाही. माझं म्हणणं, पागेंची कल्पना तीच ठेवावी आणि मोजमाप बदलावं. माणसामागं न आकारता मालामागं आकारावं. तुमच्या धंद्यात टन कशाला म्हणायचं, ते तुम्ही शिकलेल्यांनी शोधा.

तुझ्या ‘खात्यात पैसे’ला माझा विरोध नाही. लाडकी बहीण योजनेचे 1500 आपल्या गल्लीत कुणाच्या औषधाला, कुणाच्या फीला गेलेले मी पाहतो, आणि नावं ठेवणाऱ्यांनी आधी स्वतःच्या सवलती मोजाव्यात. पण योजना सरकार काढतं आणि सरकारच निकष बदलतं. मी निवृत्त झाल्यापासून काडीचं काम करत नाही, तरी पहिल्या आठवड्यात पैसे येतात आणि मी कुणापुढे मान वाकवत नाही. का? ज्या वर्षी गिरणी कामगार रस्त्यावर होते त्याच 1982 च्या 17 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं नकारा नावाच्या खटल्यात सांगून ठेवलंय, की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. काम नसलेला माणूस आळशी होतो, बिघडतो, त्याला रिकामपण खातं, असं म्हणणारे पेन्शनरांना हे कधी विचारत नाहीत. मी बागेला पाणी घालतो, वाचतो, तुझ्या मामीशी भांडतो. बरा आहे.

आणखी एक मागणी आहे, जुनीच. बाबासाहेब आंबेडकर मजूर खात्याचे सदस्य असताना आठवड्याचे 54 तास 48 वर आणायचा कायदा त्यांनी मांडला आणि 1946 साली तो झाला. तेव्हापासून यंत्रं कुठल्या कुठं गेली, पण 48 तिथंच. उलट 2025 मध्ये आपल्या मंत्रिमंडळानं कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर न्यायला मान्यता दिली. काम संपत चाललंय म्हणतात, तर तास का वाढतायत, हे मला कुणीतरी समजावून सांगा. तुमच्या टीममधली निम्मी माणसं घालवण्याऐवजी सगळ्यांचे तास निम्मे का झाले नाहीत, हे तुमच्यापैकी एकानं तरी त्या मीटिंगमध्ये विचारलं का?

पुण्यात आयटीवाल्यांच्या संघटना आहेत असं पेपरात वाचतो. तू कुठल्याच संघटनेत नाहीस, कारण “आपण काय गिरणी कामगार आहोत का,” असं मागच्या दिवाळीत म्हणाली होतीस. एकदा जाऊन ये. वर्गणी जास्त वाटली तर मी देतो.

मामीनं बेदाणे बाजूला काढून ठेवलेत, येणाऱ्याबरोबर पाठवतो. उत्तर लिहून दे, नुसता अंगठा नको.

तुझा,
मामा