आजीची झोपायची वेळ

लवकर उठणं हा निर्धाराचा प्रश्न आहे, ज्याला जमत नाही तो आळशी, असं मी बरीच वर्षं ठामपणे म्हणत होते. प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हे ऐकायला समोर रोज मुलंही होती. आज मी तसं म्हणत नाही.

ते मत घरातूनच आलं होतं. आमचं जुनं घर नाशिकच्या पंचवटीत. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आजी आधी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, अंघोळ करून मग काळारामाच्या देवळात काकड्याला जायची. परत आल्यावर ओलं लुगडं दोरीवर टाकताना थंडीने तिची बोटं वळायची नाहीत, तोंडाने मात्र नामस्मरण चालू. तिचं पहाटेचं उठणं घरात सगळ्यांनी डोक्यावर घेतलं. ती सातलाच जेवून, भांडी पालथी घालून, साडेआठला अंथरुणावर असायची, हे मात्र कुणी सांगत नाही.

लग्नानंतर गंगापूर रोडला राहायला आले. इथे जेवणं साडेनऊला, मग मुलांच्या वह्या तपासणं, मग मोबाइल. आणि ब्राह्ममुहूर्त साधायचा म्हणून गजर साडेचारचा. उठायचेही; पण दुपारपर्यंत डोकं जड व्हायचं आणि वर्गात विनाकारण आवाज चढायचा. वाग्भटाने अष्टांगहृदयात ब्राह्ममुहूर्ती उठायला सांगितलं आहे ते निरोगी माणसाला, आणि तो मुहूर्त सूर्योदयापासून मागे मोजायचा असतो. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची. नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या सुमारे ३५ मिनिटं मागे चालतो. जानेवारीत इथे सूर्य उगवायला सात वाजून जातात. म्हणजे थंडीत ब्राह्ममुहूर्त लागतो तोच साडेपाचच्या सुमारास.

पण मत खरं हललं ते तिसरीतल्या एका मुलामुळे. पहिल्याच तासाला तो बाकावर डोकं टेकायचा. आईला बोलावून म्हटलं, "ताई, याला रात्री लवकर झोपवत जा." ती म्हणाली, "मॅडम, याचे पप्पा अंबडला कंपनीत आहेत. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला बारा वाजतात. सकाळी हा शाळेत जातो तेव्हा ते झोपलेले. मग हा जागाच राहतो. त्यांच्या ताटातला एक घास खातो, तेव्हा कुठे झोपतो." मला पुढे काही बोलता आलं नाही. आठ वर्षांचं पोर बापासाठी बारापर्यंत डोळे ताणून बसतं. त्याच्यात निर्धार नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा स्टाफरूममध्ये विरोधाचा आवाज माझाच मोठा होता. मुलं ऐदी होतील, उद्या दहा म्हणतील, असं माझं म्हणणं. आज तो निर्णय मला पूर्ण पटतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. सातच्या शाळेसाठी पावणेसहाला उठायचं, तर ते मूल उशिरात उशिरा पावणेनऊला झोपलेलं हवं. पाळ्यांवर चालणाऱ्या सातपूर-अंबडमधल्या घरांत हे रोज कसं जमावं? दुकान नऊला बंद करून येणाऱ्यांच्या घरी तरी कसं जमावं?

पहाट मला अजूनही प्रिय आहे. आमच्याकडे आता जेवण आठला होतं, फोन हॉलमध्ये चार्जिंगला राहतात आणि दहाला दिवे मालवतात. पावणेसहाच्या आसपास आपोआप जाग येते, थंडीत जरा उशिरा. मग कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर फेरी होते. माझ्या नोकरीच्या वेळा ठरलेल्या आहेत, म्हणून हे मला शक्य झालं, एवढं मला नीट कळतं.

तुमच्या मुलाची चौथीपर्यंतची शाळा अजूनही सकाळी सातला भरत असेल, तर पुढच्या पालकसभेत हा विषय काढा. व्हॅनच्या फेऱ्या, दोन सत्रांसाठी एकच इमारत अशा अडचणी सांगितल्या जातील. त्या खऱ्या आहेत, पण बसून सुटण्यासारख्या आहेत. आमच्या शाळेच्या सभेत मी पालकांच्या बाजूने बोलणार आहे.